पदांच्या चाली कोणी बांधिल्या?
(कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे यांच्या कार्याचा परिचय)

सन २०२४ च्या ऑगस्ट महिन्याच्या ८ तारखेस रात्री कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहास आग लागली व ती वास्तू आतून जळून गेली. ज्या गायक नटाच्या नावाने ती ओळखली जाते, त्या केशवरावांची जयंती दुसऱ्याच दिवशी होती. श्रीशाहू छत्रपतींनी १९१५ साली 'पॅलेस थिएटर' या नावाने उभारविलेले हे नाट्यगृह आमच्या नगरीचे भूषण. तेव्हा तिच्या नाशाने आबालवृद्धांस हळहळ वाटली, यात नवल ते काय? अशा प्रसंगी जुन्या नटांची नावे ओठांवर येतात. केशवराव, बालगंधर्व, मास्टर दीनानाथ ही नावे आमच्या विद्यार्थ्यांनीही वडील मंडळींकडून ऐकिली असतील. परंतु ज्या पदांनी या नटांची कीर्ती महाराष्ट्रभर पसरली, त्या पदांना चाली कोणी बांधिल्या, असे विचारिले असता वडील मंडळीदेखील बहुधा गप्प राहतील. त्या चाली बांधणाऱ्यांपैकी एक थोर गृहस्थ याच कोल्हापुरातले होते. त्यांचे नाव गोविंदराव टेंबे. आणि त्यांच्या कार्याचा थोडासा अभ्यास आज आपण करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. रंगभूमीवरचे एखादे पद आपण ऐकतो तेव्हा त्यात निदान तिघांचे श्रम असतात. शब्द रचणारा एक, त्या शब्दांना स्वरांचा व तालाचा आकार देणारा दुसरा, आणि तो आकार आपल्या गळ्यातून प्रकट करणारा तिसरा. प्रेक्षकांस दिसतो तो तिसरा. पुस्तकावर नाव छापलेले असते ते पहिल्याचे. मधला गृहस्थ ना दिसतो, ना वाचला जातो. म्हणूनच लोक 'बालगंधर्वांचे पद' असे म्हणतात, किंवा फार तर 'खाडिलकरांचे पद' असे म्हणतात. 'टेंब्यांचे पद' असे कोणी म्हणत नाही.

युरोपात असे घडत नाही, आणि का घडत नाही हे समजून घेणे मनोरंजक आहे. गोविंदरावांचेच समकालीन असे स्वीडन देशात ह्यूगो आल्फवेन नावाचे संगीतरचनाकार होऊन गेले. त्यांचा जन्म १८७२ चा व मृत्यू १९६० चा. १९०३ साली त्यांनी आपल्या देशातील उन्हाळी उत्सवावर एक वाद्यवृंदरचना केली. तीत खेड्यापाड्यांतील लोकधुना त्यांनी घेतल्या आहेत. परंतु त्या रचनेतील व्हायोलिनवाल्याने कोणता स्वर किती वेळ वाजवावा, तुतारीवाल्याने कोठे थांबावे, कोठे हळू व कोठे जोराने वाजवावे, हे सर्व त्यांनी कागदावर लिहून ठेविले. त्यामुळे रचनाकार हयात नसला तरी जगातील कोणताही वाद्यवृंद तो कागद पुढे ठेवून तेच संगीत पुन्हा वाजवू शकतो, आणि कागदाच्या माथ्यावर रचनाकाराचे नाव कायम राहते. आपल्याकडे स्वरलेखनाची पद्धती आहे. पंडित भातखंडे व पंडित पलुसकर यांनी त्यासाठी मोठे परिश्रम केले. तरी आपल्या संगीताचा खरा व्यवहार मुखातून कानात व कानातून मुखात असाच चालत आला आहे. चाल बांधणारा ती गाऊन अगर वाजवून दाखवितो, गाणारा ती उचलतो, आणि उचलता उचलता तिच्यात आपली भर घालतो. पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते ती भर घातलेली चाल. मूळ रचनाकार तिच्यात विरघळून जातो. ही पद्धती वाईट असे आमचे म्हणणे नाही. तिच्यामुळेच आमचे गाणे जिवंत राहिले. पण तिची किंमत कोणाला मोजावी लागली, हेही ध्यानात ठेविले पाहिजे.

गोविंदरावांचा जन्म १८८१ साली कोल्हापूरजवळच्या सांगवडे या गावी झाला व त्यांचे बालपण कोल्हापुरात गेले. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे गाणे ऐकण्याची मोठीच पेठ होती. शाहू महाराजांस जशी कुस्तीची आवड तशीच कलावंतांची पारख. विख्यात गवई अल्लादियाखाँ हे महाराजांच्या दरबारी होते. १९२२ साली महाराज निवर्तले तोपर्यंत खाँसाहेबांचा मुक्काम मुख्यतः येथेच होता. देवल क्लबात गाण्याच्या बैठकी होत व शास्त्रोक्त गायन म्हणजे काय याची ओळख आपणांस तेथे झाली, असे गोविंदराव मानीत. त्यांनी कोणा गुरूच्या घरी राहून वर्षानुवर्षे तालीम घेतली नाही. ते शिकले ते प्रामुख्याने कानांनी. पुढे पंडित भास्करबुवा बखले यांच्या साथीला ते हार्मोनियम वाजवू लागले, आणि बुवांना त्यांनी गुरुस्थानी मानिले. भास्करबुवांनी तीन निरनिराळ्या घराण्यांची विद्या संपादन केली होती व त्यांतील एक अल्लादियाखाँसाहेबांची होती. अशा गवयामागे पेटी घेऊन बसणे हीच एक शाळा होय. गवई पुढे कोणता स्वर घेणार याचा अंदाज साथीदाराला क्षणभर आधी यावा लागतो. तो ज्याला येतो त्याला गाण्याची बांधणी आतून समजते. पुढे रचनाकार म्हणून गोविंदरावांच्या अंगी जो गुण दिसला, त्याचे मूळ आम्हांस या साथीत दिसते.

येथे हार्मोनियमविषयी चार शब्द लिहिणे अवश्य आहे. आमच्या शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी जी पेटी वाजते, तिच्याकडे विद्यार्थी नित्य पाहतात. पण तिची हकीकत थोड्यांसच ठाऊक असेल. हे वाद्य मूळचे आपले नव्हे. १८४० च्या सुमारास पॅरिस शहरी देबें नावाच्या कारागिराने ते सिद्ध केले. मिशनरी लोकांबरोबर व इतर युरोपियनांबरोबर ते हिंदुस्थानात आले. तिकडे ते पायांनी भाता हालवून वाजवीत. आपल्याकडे जमिनीवर बसून एका हाताने भाता व दुसऱ्या हाताने पट्ट्या, अशी हातपेटी तयार झाली. भात्यातील वारा पितळेच्या पातळ जिभांवरून जातो, जीभ थरथरते व स्वर निघतो. सप्तकात पट्ट्या बारा, आणि प्रत्येकीचा स्वर ठाम ठरलेला. यातच तिचा गुण व दोष दोन्ही आहेत. स्वर ठरलेला असल्यामुळे नवशिक्यालाही आधार मिळतो आणि मोठ्या नाट्यगृहात नटाला आवाज लावण्यास सोय होते. परंतु आपल्या गाण्यात एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची जी मींड आहे, ती बारा पट्ट्यांच्या पेटीत निघावयाची कशी? दोन पट्ट्यांच्या मधली जागा पेटीला ठाऊकच नाही. याच कारणाने सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश यांनी बावीस श्रुतींची पेटी करविण्याचा खटाटोप केला. पण ती प्रचारात आली नाही.

गोविंदराव या अपुऱ्या वाद्याचे थोर वादक झाले. बोटांचा हलकेपणा, भात्यावरचा ताबा आणि स्वर कोठे सोडावा याची जाण, यांच्या जोरावर ते गायनाचा भास उत्पन्न करीत. शिवाय पेटीची एक आणखी किमया आहे, ती चाल बांधणाऱ्याच्या उपयोगी पडते. शब्द नसताना नुसती चाल तिच्यावर वाजविता येते, तोलून पाहता येते, दुसऱ्यास ऐकविता येते. 'मानापमाना'ची गोष्ट नेमकी याच ठिकाणी सुरू होते.

परंतु त्याआधी पालकांस उद्देशून एक सूचना. आज एखादा मुलगा पेटी चांगली वाजवितो असे कळले तर घरात आनंद होतो. गोविंदरावांच्या तरुणपणी सुशिक्षित घरातील मुलाने गाण्याबजावण्याच्या नादी लागणे हे अधःपाताचे लक्षण समजले जाई, आणि नाटक कंपनीत जाणे तर त्याहून वाईट. स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत, नटांस राहावयास बिऱ्हाड मिळणे कठीण पडे. अशा काळात ज्यांनी हा मार्ग पत्करिला, त्यांनी किती जिवावरची जोखीम घेतली, याचा विचार आजच्या सोयीच्या दिवसांत करून पाहावा.

आता 'मानापमान'. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे टिळकांचे 'केसरी'तील सहकारी. त्यांच्या 'कीचकवध' नाटकावर सरकारने १९१० साली बंदी घातली. त्यानंतर त्यांनी हे संगीत नाटक लिहिले. धनाढ्य घरची भामिनी व गरीब पण पराक्रमी धैर्यधर यांची ही कथा असून मान धनाला द्यावा की शौर्याला, असा त्यातील प्रश्न आहे. नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईस प्रथम केले. भामिनीची भूमिका बालगंधर्वांची होती. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली असताही प्रयोग रद्द होऊ न देता ते रंगभूमीवर उभे राहिले, ही हकीकत सर्वश्रुत आहे.

चालींचे काम गोविंदरावांकडे होते. नाटकाचा लेखक वेगळा व संगीत देणारा वेगळा, आणि संगीतापुरती सर्व जबाबदारी त्या एकाची, ही व्यवस्था मराठी रंगभूमीवर येथून रुजली असे सामान्यतः मानितात. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणिले, तेव्हा शब्द आणि चाली यांची निवड त्यांनी स्वतःच केली होती. साक्या, दिंड्या, कीर्तनातील व कर्नाटकी वळणाच्या चाली लोकांच्या कानांत आधीच होत्या. गोविंदरावांनी निराळी वाट धरिली. उत्तर हिंदुस्थानात, विशेषतः काशी-लखनौकडे, ठुमरी, दादरा, कजरी, होरी असे जे ललित प्रकार गायिले जातात, त्यांचे रंग त्यांनी मराठी पदांत आणिले. ख्यालाची भारदस्त वळणेही त्यांत आली. स्वीडनमधील रचनाकाराने लोकधुना घेतल्या म्हणून कोणी त्यांना उसनवारीचा दोष देत नाही. मग गोविंदरावांनी पूर्वेकडची चीज ऐकून तिच्यावरून मराठी पद घडविले, तर त्यात कमीपणा कसला? नुसती चाल उचलणे सोपे आहे. कोणती चाल कोणत्या प्रसंगास शोभेल, रागावलेल्या भामिनीच्या तोंडी कोणते वळण द्यावे आणि ते बालगंधर्वांच्या मधुर पण नाजूक आवाजात कसे खुलेल, हे ठरविण्यासाठी रचनाकाराची बुद्धी लागते.

रचनेचा क्रमही उलटा होता, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. सामान्यतः कविता आधी व चाल मागून. येथे चाल आधी तयार होई आणि खाडिलकर त्या चालीच्या मात्रा मोजून तीत शब्द बसवीत. ज्याने कधी ठरलेल्या वृत्तात चार ओळी लिहून पाहिल्या असतील, त्याला ही कसरत कळेल. परिणाम व्हावयाचा तो झाला. वाचावयास घेतली असता या नाटकातील कित्येक पदे ओबडधोबड वाटतात. अन्वय लावता लावता शिक्षकांचीही दमछाक व्हावी, अशी शब्दांची ओढाताण त्यांत आहे. आमच्या मते खाडिलकरांच्या पदांना कविता म्हणून वाचणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. ती गाण्यासाठीच जन्मली. जेथे शब्द लंगडतो तेथे स्वर त्याला खांद्यावर घेतो, आणि ऐकणाऱ्यास लंगडेपणाचा पत्ताही लागत नाही. याचे श्रेय तिघांतील कोणाचे, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

'मानापमाना'नंतर १९१३ साली 'विद्याहरण' आले. त्याच्याही चाली गोविंदरावांच्या. त्याच वर्षी बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव अशा तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. तेथे ते भूमिकाही करीत. परंतु भागीदारी फार काळ टिकली नाही, आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी नावाची स्वतःची संस्था काढिली. नाटके लिहिली, चाली बांधिल्या, कामे केली. १९१६ साली गंधर्व मंडळीचे 'स्वयंवर' रंगभूमीवर आले तेव्हा त्याच्या चाली भास्करबुवांनी दिल्या होत्या. गोविंदरावांनी घालून दिलेल्या वाटेवरूनच आता त्यांचे गुरू चालले होते.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईस एक विलक्षण प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ गंधर्व मंडळी व केशवराव भोसले यांची ललितकलादर्श मंडळी या दोन प्रतिस्पर्धी संस्थांनी एकत्र येऊन 'संयुक्त मानापमान' केले. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. नाटकास दहा वर्षे लोटली होती आणि तरीही त्यातील पदे ऐकण्यासाठी लोकांनी जबर दर देऊन तिकिटे घेतली. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत केशवराव वारले. तेव्हा त्यांच्या वयास एकतीस वर्षेच झाली होती.

नाटक मंडळ्यांना ओहोटी लागली ती बोलपटांमुळे. पण गोविंदराव बोलपटांवर रुसून बसले नाहीत. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली होती. तिने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठीतील पहिला बोलपट काढिला. त्यात राजा हरिश्चंद्र झाले गोविंदराव, तारामती झाल्या दुर्गा खोटे, आणि संगीतही गोविंदरावांचेच होते. त्या वेळी आजच्यासारखे गाणे आधी ध्वनिमुद्रित करून नटाने नुसते ओठ हालविण्याची सोय नव्हती. नट कॅमेऱ्यापुढे खरोखर गाई आणि वादक चौकटीबाहेर लपून साथ करीत. नाट्यगृहात एकेक पद 'वन्स मोअर' घेत घेत पाऊण तास लांबे. येथे ते काही मिनिटांत आटोपावे लागे. ग्रामोफोनच्या तबकडीनेही तीच सक्ती केली होती, कारण तिच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांपेक्षा अधिक गाणे मावत नसे. थोडक्या अवकाशात रागाचा चेहरा दाखविणे ही निराळीच विद्या आहे. 'माया मच्छिंद्र', 'सिंहगड' इत्यादी प्रभातच्या चित्रांतूनही त्यांनी ती चालविली. १९३३ साली कंपनी पुण्यास गेली आणि कोल्हापूरचे हे पर्व संपले.

त्यांच्या उतारवयात एक चमत्कारिक गोष्ट घडली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. कारण वर सांगितले तेच: हे परके वाद्य आमच्या श्रुतींचा घात करिते. बंदी तीस वर्षांहून अधिक काळ राहिली आणि १९७१ साली ती शिथिल झाली. ज्या पेटीने महाराष्ट्रास नाट्यसंगीत दिले, तिलाच आकाशवाणीचे दार बंद! आक्षेपात तथ्य होते, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि वाद्याचा दोष आणि वादकाची करामत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, व श्रोते दुसऱ्या गोष्टीस भुलतात. आज देवळात, भजनात, चर्चमध्ये, शाळेत व ख्यालाच्या बैठकीत पेटीच दिसते, यावरून लोकांनी कोणता कौल दिला ते उघड आहे.

१९५५ साली गोविंदराव निवर्तले. जाण्यापूर्वी त्यांनी एक मोलाचे काम करून ठेविले होते: त्यांनी लिहिले. 'माझा संगीत व्यासंग' व 'माझा जीवनविहार' ही त्यांची पुस्तके प्रसिद्ध आहेत, आणि अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्रही त्यांनी लिहिले. गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांत लेखणी चालविणारे थोडे. त्यांच्या पुस्तकांमुळे जुन्या गवयांच्या बैठकी कशा होत, गुरू विद्या देण्यात किती कंजूषपणा करीत व किती उदारही होत, हे आपणांस कळते. भाषा जुन्या वळणाची आहे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी वडिलांच्या साहाय्याने वाचावी.

२०२५ च्या जानेवारीत 'संगीत मानापमान' या नावाचा नवा चित्रपट निघाला, तो आमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातील नवी गाणी आजच्या संगीतकारांची आहेत. तो पाहून ज्यांस मूळ पदांविषयी जिज्ञासा वाटली असेल, त्यांनी घरी पुढील प्रयोग करून पाहावा. 'मानापमाना'तील कोणतेही एक पद निवडावे व ते दोन निरनिराळ्या गायकांच्या आवाजांत ऐकावे. जुन्या तबकड्यांवरील गाणी आता कोणाच्याही मोबाईलवर ऐकावयास मिळतात. प्रथम ऐकताना फक्त ध्रुपदाकडे लक्ष द्यावे आणि सम कोणत्या अक्षरावर पडते ते हाताने ताल धरून मोजावे. दुसऱ्या वेळी अंतऱ्यात आवाज वर कोठपर्यंत जातो ते पाहावे. एका गायकाने घेतलेली तान दुसऱ्याने घेतली नसेल, तर ती बहुधा गायकाची स्वतःची भर असते. दोघांनीही जे वळण सारखेच घेतले असेल, त्याखाली पेन्सिलीने खूण करावी. अशा पाच-सहा खुणा जमल्या म्हणजे वही घेऊन पेटीपाशी बसावे आणि तेवढेच स्वर, शब्द न उच्चारता, सावकाश वाजवून पाहावे.